दोन रोग, एक रुग्ण आणि अनेक खिडक्या

ज्या दुःखाला नाव नाही त्याला सरकारी दफ्तरात जागा नाही, हा आपल्या प्रशासनाचा अलिखित परंतु कसोशीने पाळला जाणारा नियम आहे. क्षयाला नाव आहे, कुष्ठरोगाला नाव आहे, सर्पदंशाला नाव आहे. म्हणून त्यांना रकाना आहे, त्यांच्यासाठी औषध आहे आणि त्या औषधाचा हिशेब ठेवणारा कारकूनही आहे. ही व्यवस्था सर्वस्वी वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. देवी गेली, नारू गेला, पोलिओ हटला, तो अशाच रकान्यांच्या शिस्तीने. मात्र मनुष्याचे शरीर शासनाच्या रकान्यांना विचारून आजारी पडत नाही. एकाच देहात, एकाच वेळी, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या या दोन्हींवर घाला घालणारे काही विकार असतात. कित्येकदा तर एकाच रुग्णात असे दोन स्वतंत्र विकार शेजारी शेजारी नांदतात. अशा रुग्णाने कोणत्या खिडकीपुढे उभे राहावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेने अद्याप दिलेले नाही. हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखकाने तो मांडण्याचे धाडस केले आहे.

कुंपण आणि शेत

शरीराची प्रतिकारशक्ती ही शेताच्या कुंपणासारखी असते. बाहेरचे जनावर आत येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. परंतु काही माणसांच्या बाबतीत कुंपणच शेत खाऊ लागते. जंतूंशी लढण्यासाठी निर्माण झालेली द्रव्ये आणि पेशी स्वतःच्याच अवयवांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी अशा आत्मघाताची भीती बोलून दाखविली होती. पण निसर्ग तसे होऊ देणार नाही, असे त्यांचे मत होते. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांत दाखवून दिले की तसे होऊ शकते. अलीकडे, २०२५ साली, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळाले, ते या कुंपणाला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दलच. म्हणजे ज्या विषयाचा जगात एवढा सन्मान झाला, तो विषय आपल्या तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत मात्र अजून पोहोचलेला नाही.

या आत्मघातकी विकारांची संख्या मोठी आहे. आमवात हा त्यांपैकी सर्वांना परिचित. ल्यूपस हा दुसरा; तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे नऊ पटीने अधिक आढळतो आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कशालाही तो वर्ज्य मानत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप वाटेतच अडविला जातो. पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, सकाळी उचललेला हात संध्याकाळी उचलत नाही. १९८४ साली अमिताभ बच्चन यांना हा विकार जडल्याचे वृत्त आले, तेव्हा त्याचे नाव आपल्याकडे प्रथमच घरोघरी ऐकले गेले. रक्तवाहिन्यांच्या विकारांपैकी ताकायासूचा विकार हा भारतासारख्या आशियाई देशांत विशेष आढळणारा. तो बहुतांशी चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना गाठतो, महारोहिणी आणि तिच्या शाखा सुजवून अरुंद करतो, आणि मग एका हाताची नाडीच लागेनाशी होते.

या विकाराच्या शोधाची कथा आपल्या विषयाला फार बोधप्रद आहे. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. १९०८ साली त्यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे विलक्षण स्वरूप सहकाऱ्यांपुढे मांडले. ते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी डोळा पाहिला. परंतु त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी सांगितले की, आपल्याही रुग्णांचे डोळे असेच होते आणि शिवाय त्यांच्या मनगटाची नाडी लागत नव्हती. डोळ्याचा आणि मनगटाचा संबंध एका खोलीत बसलेल्या तीन माणसांच्या संभाषणातून उमगला. ती खोली नसती तर तो संबंध आणखी किती वर्षे अंधारात राहिला असता, हे सांगता येत नाही. आपल्या रुग्णांना आज हवी आहे ती अशीच एक खोली.

एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

ज्याच्या शरीरात कुंपणाने एकदा शेत खाल्ले, त्याच्या शरीरात ते दुसऱ्या वाफ्याकडे वळण्याची शक्यता अधिक असते. इंग्लंडमध्ये सुमारे सव्वादोन कोटी लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, १९ प्रकारच्या या विकारांपैकी एखादा तरी विकार सुमारे १० टक्के लोकांना होता. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के आणि पुरुषांत ७ टक्के होते. हे विकार एकमेकांच्या सोबतीने येतात, हेही त्या पाहणीने स्पष्ट केले. सुटा सुटा प्रत्येक विकार दुर्मिळ वाटला तरी त्यांची बेरीज दुर्मिळ नाही.

मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांचे नाते तर याहून निकटचे आहे. मज्जातंतूंनाही रक्त लागते आणि ते बारीक वाहिन्यांतून येते. त्या वाहिन्या सुजल्या की मज्जातंतू उपाशी मरतो आणि चालता चालता पाऊल लुळे पडते. लुळे पाऊल आणि बधिर कातडी दिसली की आपल्याकडे कुष्ठरोगाची शंका येते, आणि ती येणे योग्यही आहे. पण ती खोटी ठरल्यावर पुढे काय, याचा रस्ता आखलेला नसतो. ताकायासूच्या विकारात बारीक ताप येतो आणि वजन घटते. तेथे क्षयाची शंका येते. नाव असलेल्या रोगांच्या रकान्यांत हा रुग्ण काही महिने फिरतो आणि प्रत्येक रकान्यातून परत पाठविला जातो.

खरी अडचण त्यापुढे आहे. दोन विकार एकत्र असले म्हणजे औषधयोजना ही दोन यादींची बेरीज राहत नाही. ताकायासूच्या विकारात मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली की रक्तदाब चढतो; तो उतरविण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या मायस्थेनियाच्या रुग्णाचे स्नायू अधिक दुबळे करू शकतात. जंतुसंसर्गावर तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात टोचले जाणारे जेंटामायसिन अशा रुग्णाचा श्वास संकटात आणू शकते. ल्यूपसवर उपकारक असलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळीही मायस्थेनियात जपून द्यावी लागते. आमवातावरील टीएनएफ-विरोधी गटातील महागड्या इंजेक्शनांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार बळावतो. स्टेरॉइड तर दोन्हींकडे चालते, परंतु मायस्थेनियात त्याची मोठी मात्रा एकदम सुरू केली तर पहिल्या काही दिवसांत रुग्ण बरा होण्याऐवजी खालावू शकतो. येथे कोणाही डॉक्टरचा दोष नसतो. प्रत्येकाने आपापल्या रोगाला योग्य तेच औषध दिलेले असते. चूक असते ती दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. अझाथायोप्रिनसारखी जुनी आणि तुलनेने स्वस्त गोळी मज्जातंतूंच्या व रक्तवाहिन्यांच्या अशा अनेक विकारांत दोन्हींकडे उपयोगी पडते. दोन तज्ज्ञ एकत्र बसले तर एका औषधात दोन रोगांचे काम भागते. वेगवेगळे बसले तर दोन औषधांत तिसरा रोग उभा राहतो.

टाचणीचा कारखाना

अॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथाचा आरंभ टाचणीच्या कारखान्याने केला, हे वाणिज्य व अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तार ओढणारा एक, ती सरळ करणारा दुसरा, टोक काढणारा तिसरा, अशी सुमारे अठरा कामांची वाटणी केली की दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. आधुनिक वैद्यकाचे सारे वैभव या श्रमविभागणीवरच उभे आहे. मज्जारोगतज्ज्ञ, वातरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ, हे सारे त्या कारखान्यातील कसबी कारागीर होत. परंतु स्मिथच्या कारखान्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. अठरा जणांचे काम एका छपराखाली चालत होते आणि अर्धवट टाचणी एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचा खर्च मालक सोसत होता. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली हाच धागा पकडून दाखविले की, माणसे एकत्र आणण्याला आणि व्यवहार जुळविण्याला स्वतःचा असा खर्च असतो आणि तो वाचविण्यासाठीच संस्था जन्माला येतात.

आपल्या आरोग्यव्यवस्थेत हा जुळवणीचा खर्च कोण सोसतो? येथे टाचणीच स्वतः एका कारागिराकडून दुसऱ्याकडे चालत जाते, आणि प्रत्येक पावलाचे भाडे तिलाच भरावे लागते. एक्स-रे आणि अहवालांची पिशवी काखेत मारून एका शहरातून दुसऱ्या शहरात हिंडणारा रुग्ण हाच आपल्याकडे दोन तज्ज्ञांमधील टपालवाहक असतो. तो अशिक्षित असेल तर निरोप अर्धा पोहोचतो. तो गरीब असेल तर निरोप पोहोचतच नाही. केनेथ अॅरो यांनी १९६३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात सांगितले होते की, आरोग्य ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे. कारण विकत घेणाऱ्याला आपण काय विकत घेतो हेच ठाऊक नसते. दोन विकारांच्या रुग्णाबाबत त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, येथे विकणाऱ्यालाही अर्धेच ठाऊक असते.

पाथर्डीहून दिसणारे चित्र

पाथर्डी हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेचा, बीडच्या सरहद्दीला लागून असलेला, पावसाने सदैव हात आखडता घेतलेला तालुका. मोहट्याची देवी, मढीचे कानिफनाथ आणि भगवानगड ही त्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. दिवाळीच्या आगेमागे गावे ओस पाडून ऊसतोडीला निघणारे तांडे ही त्याची दुसरी ओळख. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे ५० किलोमीटर, आणि पुणे त्याच्या तिप्पटीहून अधिक. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या पदांत मज्जारोगतज्ज्ञ किंवा वातरोगतज्ज्ञ नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी करणार नाही.

समजा, या तांड्यातील तिशीच्या एका स्त्रीला ताकायासूचा विकार जडला. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्यावर असते. एकीने काम सोडले तर दुसऱ्याचा कोयता अर्धा होतो आणि खाडा झाला तर तो उचलीत मिळविला जातो. तिचा हात ऊस तोडताना भरून येतो, थांबले की बरा होतो, पुन्हा कोयता उचलला की पुन्हा भरून येतो. हे दुखणे रक्त अपुरे पोहोचत असल्याचे लक्षण आहे, हे तिला कोण सांगणार? फडावर तिला वेदनाशामक गोळी मिळते, फार तर सलाईन लागते. रक्तदाब एकाच हाताचा मोजला, आणि तो नेमका आजारी हाताचा असला, तर तो कमीच भरणार आणि तिला अशक्तपणाच्या गोळ्या मिळणार. प्रत्यक्षात तिच्या मेंदूला आणि हृदयाला मात्र चढ्या रक्तदाबाचा मारा सोसावा लागत असणार. एके दिवशी तिला अर्धांगवायूचा झटका येईल आणि तेव्हा कुठे तिच्या दुखण्याला नाव मिळेल. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला लागणारी अधिकची दोन मिनिटे एवढीच त्या झटक्याला टाळण्याची किंमत असू शकली असती.

मायस्थेनियाचा रुग्ण दिवसभर खपून संध्याकाळी गळतो, त्याला आळशी म्हणतात. ल्यूपसच्या बाईला थकवा येतो, तिला नाटकी म्हणतात. जखम दिसत नाही म्हणून दुखणे नाही, हा आपल्या घरांतला न्याय आहे. सहा महिने गावात आणि सहा महिने फडावर असणाऱ्याच्या औषधाचे सातत्य टिकत नाही, आणि स्टेरॉइडसारखे औषध अचानक थांबविणे हे कधीकधी ते न घेण्यापेक्षाही घातक असते. उलटपक्षी, तेच स्टेरॉइड आमवातावरील पुडीत मिसळून देणाऱ्या भोंदूंचाही आपल्याकडे तोटा नाही. औषध स्वस्त असले तरी त्यावर देखरेख नसेल तर ते स्वस्त ठरत नाही.

पुण्याचा धडा

मनात आणले तर शासन काय करू शकते, याचे उदाहरण याच महाराष्ट्राने अलीकडे पाहिले. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी महायुद्धातील दोन सैनिकांच्या निरीक्षणावरून वर्णन केलेला हा विकार. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. त्याच्या आवरणाचा काही भाग मज्जातंतूंवरील द्रव्यासारखा दिसतो. जंतूशी लढताना प्रतिकारशक्तीची गफलत होते आणि ती मज्जातंतूंवरच चाल करून जाते. पायांपासून चढत जाणारा लुळेपणा काहींच्या श्वासापर्यंत पोहोचतो. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला हा जंतू सापडला, आणि परिसरातील पाणी संशयाच्या भोवऱ्यात आले. पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि संशयितांसह दहाहून अधिक जण दगावले.

त्या वेळी शासन हलले, हे मान्य केले पाहिजे. केंद्राचे पथक आले, पाण्याचे नमुने तपासले गेले, घरोघर पाहणी झाली, सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील या विकारासाठीची ८० हजारांची मर्यादा दुप्पट करून १ लाख ६० हजार करण्यात आली. तरीही हिशेब पाहावा. या विकारावर हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनविलेले इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्याची एकूण मात्रा शरीराच्या दर किलो वजनास २ ग्रॅम. पन्नास किलो वजनाच्या माणसाला १०० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २० कुप्या लागतात. त्या दिवसांत एका कुपीची किंमत सुमारे २० हजार रुपये असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्या भावाने केवळ औषधाचेच ४ लाख रुपये होतात. कृत्रिम श्वासाचा आणि अतिदक्षता विभागाचा खर्च निराळा. याला पर्याय म्हणून रक्तद्रव बदलण्याची जी पद्धत आहे ती तितकीच परिणामकारक असल्याचे १९९२ व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखविले आहे, आणि ती पुष्कळदा स्वस्तही पडते. परंतु तिला यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो जिल्ह्याजिल्ह्यात उपलब्ध नाही.

पुण्याचा धडा असा की, हा विकार घोळक्याने आला म्हणून शासनाला दिसला. तोच विकार पाथर्डी, आष्टी किंवा शिरूरच्या एखाद्या वस्तीवर एकट्याने आला असता तर त्यासाठी पथक आले नसते आणि मर्यादाही दुप्पट झाली नसती. रोगाची तीव्रता रुग्णाच्या शेजाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही; शासनाची तत्परता मात्र तिच्यावर ठरते.

यादीतले आणि यादीबाहेरचे

आपल्या योजनांचा पाया यादी हा आहे. फुले योजनेचे संरक्षण २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु तिचा साचा मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांचा आहे. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला, देयक मिटले. वर्षानुवर्षे घरी राहून गोळ्या घेणाऱ्या, दर दोन महिन्यांनी रक्त तपासून घेणाऱ्या रुग्णाला या साच्यात बसवणे अवघड जाते. शिक्षक आणि कारकून वर्गाला परिचित असलेली वैद्यकीय प्रतिपूर्तीची व्यवस्थाही अशीच. २००५ च्या शासननिर्णयातील २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी प्रत्येक कार्यालयातल्या लेखनिकाला तोंडपाठ आहे. परंतु आजार आकस्मिकही नाही आणि शस्त्रक्रियेचाही नाही, तो केवळ चिवट आहे, असा प्रस्ताव टेबलावर आला की त्याचे काय करावे हे त्याला कळत नाही आणि दोष त्याचाही नसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मानली. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे आहे; ते यावे यासाठी रुग्णांच्या संघटनांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. मायस्थेनियाचे, ल्यूपसचे किंवा ताकायासूच्या विकाराचे नाव त्या यादीत नाही. २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणाचा भर मुख्यतः जन्मजात व आनुवंशिक विकारांवर आहे. म्हणजे दुर्मिळांच्या यादीत बसण्याइतके हे विकार दुर्मिळ नाहीत, आणि सामान्यांच्या यादीत बसण्याइतके ते सामान्य नाहीत. त्यांतील दोन एकाच माणसाच्या वाट्याला आले तर तो माणूस दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडतो.

एक न्याय्य आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेण्यासारखाच आहे. ज्या राज्यात अजून मुले कुपोषित आहेत, सर्पदंशाने माणसे मरतात, गरोदर बाईला वेळेवर वाहन मिळत नाही, तेथे अशा गुंतागुंतीच्या विकारांसाठी पैसा खर्च करणे हे अग्रक्रमाच्या तत्त्वाला धरून आहे काय? तुटपुंज्या साधनांची वाटणी हाच अर्थशास्त्राचा विषय असल्याने हा प्रश्न टाळता येणार नाही. एका रुग्णाच्या महागड्या इंजेक्शनांच्या किमतीत अनेक बालकांचे पोषण होऊ शकते, हे गणित खोटे नाही.

मात्र या गणितातील दुसरी बाजू लक्षात घेतली जात नाही. या विकारांवरील बहुतेक मूलभूत औषधे जुनी आणि स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेली आहेत. प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, पायरिडोस्टिग्मिन ही काही नव्या युगाची नवलाई नव्हे. येथे पैसा जातो तो उशिरा झालेल्या निदानावर, फेऱ्यांवर आणि बुडालेल्या मजुरीवर. आणि सर्वांत जास्त जातो तो टाळता आले असते अशा परिणामांवर. ल्यूपसने निकामी झालेल्या मूत्रपिंडासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागणारे डायलिसिस शासन योजनेतून पुरवते. त्याआधी वर्षभर लघवीतील प्रथिने तपासून गोळ्या दिल्या असत्या तर त्यांतील कित्येकांना त्याची गरज पडली नसती. आपण औषधाचे थेंब वाचवितो आणि डायलिसिसच्या पाण्याने हंडे भरतो.

दुसरे असे की, हे विकार म्हाताऱ्यांचे नाहीत. ते वीस ते पंचेचाळीस या वयातील, आणि अधिक करून स्त्रियांना गाठणारे आहेत. ज्या वयात बाई शेतात राबते, घर चालविते, मुले शाळेत धाडते, त्याच वयात ती अंथरुणाला खिळली तर त्या घराची एक नव्हे, दोन पिढ्यांची मिळकत बुडते. आईच्या जागी चूल सांभाळण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुलीची नोंद कोणत्याही रोगाच्या आकडेवारीत होत नाही.

शिवाय हे ग्रामीण भागात घडतच नाही असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली. शंभरातील सुमारे १८ जणांना हाडे, सांधे, स्नायू यांच्या तक्रारी होत्या, आणि आमवाताचे प्रमाण दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एक असे आढळले. शोधायला गेले की सापडते. न शोधता सापडत नाही आणि मग नाही असे गृहीत धरले जाते.

काय करता येईल

हे लक्षात घेऊन काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. त्यांतील एकीसाठीही नवी इमारत लागत नाही.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन ठरावीक दिवशी संयुक्त बाह्यरुग्ण विभाग भरावा. ज्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे तेथील तज्ज्ञांना त्या दिवशी एका टेबलाभोवती बसवावे. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीसारख्या ठिकाणी तशी सोय होण्याजोगी आहे. जेथे तज्ज्ञ येऊ शकत नाही तेथे दूरदृक् सल्ल्याची ई-संजीवनी व्यवस्था २०१९ पासून उपलब्ध आहे. मात्र तिच्यात एकाच वेळी दोन तज्ज्ञ आणि स्थानिक डॉक्टर बोलतील असा प्रघात पाडला पाहिजे. एका खोलीत बसलेल्या तीन जपानी डॉक्टरांनी १९०८ साली जे केले ते आज तीन पडद्यांवरून करता येईल.

दुसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीच्या आतील प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा मोजावा, दोन्ही मनगटांची नाडी पाहावी, आणि दीर्घ ताप, सांधेदुखी वा अकारण थकवा असलेल्या रुग्णाची लघवी प्रथिनांसाठी तपासावी. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते.

तिसरी, फुले योजनेच्या आणि प्रतिपूर्तीच्या साच्यात दीर्घ मुदतीच्या बाह्यरुग्ण उपचारांचा एक विभाग निर्माण करावा. रोगांची नावे वाढवीत जाण्यापेक्षा निकष बदलावा. ज्याला एक वर्षाहून अधिक काळ प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घ्यावे लागते, तो पात्र, असा निकष असला म्हणजे एक विकार असो की दोन, रुग्ण फटीत पडणार नाही.

चौथी, अशा प्रत्येक रुग्णाला एक वही द्यावी. तिच्यात सारे निदान, सारी चालू औषधे, आणि कोणती औषधे टाळावीत हे मराठीत व ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. फडावर गेलेल्या बाईला कर्नाटकातल्या डॉक्टरनेही ती वही पाहून जेंटामायसिन देण्याआधी विचार करावा. शासन गरोदर मातेला जसे कार्ड देते तसेच हे.

पाचवी सूचना औषधाची नाही, पाण्याची आहे. पुण्याच्या साथीने दाखविले की दूषित पाणी केवळ हगवण देत नाही, ते मज्जातंतूही लुळे करू शकते. उन्हाळ्यात टँकरने विहिरीत ओतलेले पाणी पिणाऱ्या तालुक्यांना क्लोरीनच्या पिंपाचे महत्त्व याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

यात अशक्य असे काही नाही. तरीही ते आपोआप होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण या रुग्णांचा मतदारसंघ नाही. ते विखुरलेले आहेत, थकलेले आहेत, आणि त्यांतील अनेकांना आपल्या दुखण्याचे नावही धड उच्चारता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनी १९८५ पासून संघटना बांधली आणि तीन दशकांनी कायद्यात आपले नाव लिहून घेतले. प्रत्येक विकाराच्या मूठभर रुग्णांनी अशी तीन दशके झगडावे, अशी अपेक्षा करणे हे कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला शोभणारे नाही. सामान्य रोगासाठी शासन झटते ते संख्येच्या दडपणाने. एकट्यादुकट्या रुग्णासाठी ते झटले तरच ते न्यायाच्या जाणिवेने झटले असे म्हणता येईल. श्रमविभागणीने विज्ञान वाढले. आता ते विभागलेले श्रम पुन्हा जुळविण्याचा खर्च कोणी उचलायचा, एवढाच प्रश्न आहे. तो खर्च आज समाजातील सर्वांत दुबळा माणूस, तोही आजारी असताना, उचलतो आहे. तो त्याच्या खांद्यावरून उतरवून सार्वजनिक तिजोरीवर ठेवणे हे औदार्य नव्हे. तो साधा हिशेब आहे.